परत येण्याचे गुण

पनवेलमध्ये रग्बी बघणारा मी एकटाच आहे असं मला कॉलेजात असताना वाटायचं, आणि तसं वाटणं मला फार आवडायचं. क्रिकेट सगळ्यांचं होतं. फुटबॉल बघणारे चार जण वर्गात होतेच. रग्बी मात्र माझी होती. नवीन पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात शनिवारी दुपारी, वडील जेवून आडवे झाले की मी टीव्हीचा आवाज बंद करून न्यूझीलंडमधले सामने बघायचो. तिकडे संध्याकाळ असायची. काळ्या जर्सीतले ते आडदांड लोक सामन्याआधी मांड्या थोपटत, जिभा बाहेर काढत नाचायचे. आई स्वयंपाकघरातून येऊन विचारायची, "हे भांडतायत का खेळतायत?" मी उत्तर द्यायचो नाही. सायबर कॅफेत जाऊन मी या खेळाचे सगळे नियम छापून आणले होते आणि पाठ केले होते. खेळलो मात्र एकदाही नव्हतो. अंडाकृती चेंडूला हातसुद्धा लावला नव्हता.

याच काळात मला मतंही फार होती. जात शहरात आता उरलेली नाही, माणसाने जिद्द धरली तर जन्म आड येत नाही, अशा अर्थाचं भाषण करून मी कॉलेजात बक्षीस मिळवलं होतं. त्या भाषणाला सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणारा माझा मित्र जासईचा होता. तिकडे कंटेनरची यार्डं नुकती वाढत होती. त्यांची भातशेती त्यात गेली होती. तो गावाच्या संघातून कबड्डी खेळायचा. खांदे रुंद, मान आखूड, हसू सतत तोंडावर. मी त्याला रग्बी समजावून सांगायचो म्हणून तो मला 'मास्तर' म्हणायचा.

"मास्तर, हे मांड्या थोपटतात ते आमच्याकडनं शिकले काय?" त्याने पहिल्यांदा सामना बघताना विचारलं होतं.

"तो त्यांचा परंपरेने आलेला नाच आहे," मी म्हणालो.

"आमचा पन परंपरेनंच आलाय," तो म्हणाला, आणि आमच्या बाहेरच्या खोलीत उभं राहून त्याने असा शड्डू ठोकला की वडील जागे झाले.

दुसऱ्या वर्षाला असताना मला कळलं की कलकत्त्याला देशभरातल्या संघांची रग्बीची स्पर्धा होणार आहे. मी जायचं ठरवलं. एकट्याने जायची हिंमत नव्हती. मित्र म्हणाला, "मला खेळातला काय कलत नाय, पन कलकत्ता बगायचाय." आम्ही कल्याणहून हावड्याच्या गाडीच्या जनरल डब्यात चढलो.

त्या प्रवासातच मला पहिल्यांदा त्याचा हेवा वाटला, म्हणजे निदान तेव्हा मला तो ओळखू आला. भुसावळच्या आत त्याने खिडकीजवळच्या एका बंगाली कुटुंबाशी ओळख काढली होती. त्याच्या आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी बांधून दिली होती. तो डबा उघडला तसे आसपासचे अर्धे लोक नाकाला रुमाल लावून बसले. बंगाली आजोबांचा चेहरा मात्र उजळला. त्यांनी बोटाने चटणी चाखली, डोळे मिटले आणि आपल्या मुलाला सांगून माझ्या मित्रासाठी खिडकीजवळची जागा रिकामी करवली. मी शाकाहारी. मी माझ्या पुऱ्या घेऊन संडासाच्या दाराशी सुटकेसवर बसून राहिलो. तो अधूनमधून ओरडायचा, "मास्तर, इकडं ये, जागा करतो!" मी मान हलवून नको म्हणायचो. मला त्याने दिलेली जागा नको होती. मला माझी स्वतःची हवी होती.

नागपूरला मी पाणी भरायला उतरलो आणि गाडी सुटली. मी बाटली घेऊन धावलो. दारात तो वाकून उभा होता. त्याने माझं मनगट असं धरलं आणि आत ओढलं की हातावर दोन दिवस वळ राहिला. "पकड म्हनतात याला," तो म्हणाला. डबाभर लोक हसले. मी त्याचे आभार मानायला हवे होते. मी म्हणालो, "हळू की, चष्मा पडला असता."

कलकत्त्याच्या मैदानावर खरी रग्बी पाहिली तेव्हा मला रडू येईल असं वाटलं. टीव्हीवर आवाज बंद असायचा. इथे हाडांवर हाडं आपटल्याचा आवाज येत होता. मी सीमेवर उभा राहून मित्राला मोठ्याने समजावून सांगत होतो. चेंडू पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा, पाडलेल्या माणसाला लगेच सोडायचं. जवळच मुंबईच्या एका संघाचा कप्तान बसला होता. स्पर्धेतून त्यांचा संघ आदल्या दिवशीच बाद झाला होता आणि आता अशाच बाद झालेल्या दुसऱ्या संघाशी त्यांचा मैत्रीचा सामना होता. दोन गडी जायबंदी होते, राखीव एकच होता. तो माझं बोलणं ऐकत होता. मग वळून मला म्हणाला, "तुला तर सगळं येतं. खेळतोस का आज? एक जण कमी आहे."

हे वाक्य मी किती वर्षं मनात घोळवलं आहे! त्याने मला विचारलं होतं. आधी मला विचारलं होतं.

मी त्या मैदानाकडे पाहिलं. एका मुलाच्या भुवईतून रक्त येत होतं आणि तो ते बाहीने पुसून परत उभा राहत होता. मी चष्म्याला हात लावला आणि म्हणालो, "मला चष्म्याशिवाय दिसत नाही. याला घ्या. हा कबड्डी खेळतो."

म्हणजे मीच त्याला पुढे केलं. त्याने काही हिसकावून घेतलं नव्हतं. पुढची सगळी वर्षं मी ज्याचा हेवा करत आलो ती गोष्ट मला आधी मिळत होती आणि मी ती भीतीपोटी नाकारली होती. माणूस स्वतःच्या भीतीचा राग स्वतःवर फार वेळ धरू शकत नाही. मी तो त्याच्यावर धरला.

उसन्या बुटांत तो मैदानात उतरला. पहिल्याच मिनिटात त्याच्या दीडपट माणूस चेंडू घेऊन त्याच्या अंगावर आला, आणि माझ्या मित्राने कबड्डीत काढतात तसा वाकून, पाय धरून त्याचा पट काढला. तो माणूस झाड कोसळावं तसा पडला. बाकावरचे लोक उभे राहिले. मग दुसरा, मग तिसरा. "हा कोण आहे?" असं कोणीतरी कोणाला तरी विचारलं. मला कोणी विचारलं नाही.

आणि मग ती गोष्ट घडली. चेंडू त्याच्या हातात आला. तो वाकून, अंग चोरून, दोघांच्या मधून निसटला आणि पार पुढे जाऊन समोरच्या संघाची शेवटची रेषा ओलांडून गेला. रग्बीत तिथे चेंडू जमिनीला टेकवला की गुण मिळतात. त्याला 'ट्राय' म्हणतात. ही गोष्ट मी त्याला सांगितलीच नव्हती. मुद्दाम नाही. मला ती इतकी उघड वाटत होती की सांगायची असते हेच सुचलं नव्हतं. त्याने चेंडू टेकवला नाही. तो तिथे गर्रकन वळला आणि परत आपल्या बाजूला धावत सुटला.

कबड्डीत चढाईला गेलेल्या गड्याने कितीही जण बाद केले तरी तो मध्यरेषेवर परत आला नाही तर एकही गुण नाही. पुढे जाणं हे अर्धंच काम. परत येणं म्हणजे खेळ. माझा मित्र श्वास रोखून परत येत होता. ज्यांना चुकवून तो गेला होता त्यांनाच पुन्हा चुकवत होता. त्याचे स्वतःचे गडी किंचाळत होते, "खाली! खाली ठेव!" त्याला ते प्रोत्साहन वाटत होतं. मैदानाच्या मधल्या रेषेवर पाय टेकवून त्याने चेंडू अलगद जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हात वर केले.

मग समोरच्या संघातल्या एका मुलाने तो चेंडू नम्रपणे उचलला आणि निवांत धावत जाऊन दुसऱ्या टोकाला टेकवून गुण घेतले. त्याला कोणी अडवलं नाही, कारण हसून हसून कोणाला उभं राहता येत नव्हतं. पंच गुडघ्यांवर हात ठेवून हसत होता. माझ्या मित्राने माझ्याकडे बघून हाक मारली, "गेलो आनि परत आलो की मास्तर! कोनाला शिवू पन दिला नाय! अजून काय पायजे?"

मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझ्या हसण्यात काय होतं ते मला पक्कं माहीत आहे. चुकलास एकदाचा, हे होतं. पण हसता हसता माझ्या लक्षात आलं की बाकीच्यांचं हसणं वेगळं आहे. दोन्ही संघांनी मिळून त्याला खांद्यावर घेतलं होतं. त्याची चूकसुद्धा त्यांना आवडली होती. मला सगळे नियम येत होते आणि माझं नावही कोणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी कप्तानाने त्याला मुंबईला सरावाला बोलावलं. परतीच्या गाडीत तो म्हणाला, "तू पन चल ना मास्तर, दोघं जाऊ." मी म्हणालो, "मला अभ्यास आहे."

पुढची काही वर्षं तो फिरत राहिला. चेन्नई, भुवनेश्वर, कोलंबो, दुबई. मी पदवी घेऊन जासईच्याच एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात लागलो. ज्या जमिनीवर माझी खुर्ची होती तिथे कधीकाळी त्यांचं भात पिकायचं, हे त्यानेच एकदा सांगितलं होतं, आणि सांगून हसला होता: "बग, तू आमच्याच शेतात कामाला लागलास." रोज मोटरसायकलवरून मी त्याच्या गावावरून जायचो आणि तो कुठल्यातरी देशात असायचा.

तो जिथे जाईल तिथून फोन करायचा. "मास्तर, हितं कोलंबोला लोक आपल्यासारखाच भात-मासे खातात. ए, आज पंचानं आमच्याविरुद्ध शिट्टी मारली, मी पडलेल्याच्या बाजूनं आत शिरलो म्हनून. असा नियम हाय का?" सुरुवातीला मी सविस्तर सांगायचो. त्यात मला सुख असायचं. त्याच्या पायांना अजून माझ्या डोक्याची गरज होती. पुढे पुढे मला ते सहन होईना. "पुस्तकात वाच," मी म्हणायचो. तो म्हणायचा, "पुस्तक इंग्रजीत हाय रे," आणि थांबायचा. मी पण थांबायचो. फोनचे पैसे त्याचे जात होते.

दुबईहून त्याने माझ्यासाठी जर्सी आणली. हिरवी, जाड कापडाची, अगदी माझ्या मापाची. ती मी आमच्या सोसायटीच्या वॉचमनला देऊन टाकली. महिन्याभराने मित्र घरी आला, जिना चढून आला, बसला, पाणी प्यायला. मग म्हणाला, "वॉचमनला बरोबर बसलीय जर्सी." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याच्या लग्नाला, हळदीच्या दुपारी जासईत त्याच्या संघातले सगळे आले होते. बँडवर नाचत होते. त्याच्या आईने मला हाताला धरून सगळ्यांसमोर उभं केलं. "ह्याच मास्तरान माझ्या पोराला वाया घालवला! आता जेवल्याबिगर सोडायचा नाय ह्याला!" सगळे हसले. मी लाजलो, सुखावलो, आणि पाच मिनिटांत ते सुख घालवून बसलो. शेजारी बसलेल्या त्याच्या संघातल्या एका पुण्याच्या मुलाला मी म्हणालो, "या लोकांची अंगकाठीच तशी असते. रक्तात असतं त्यांच्या. आपल्यासारख्यांना नाही जमत."

त्या मुलाने माझ्याकडे नीट पाहिलं. तो माझ्यापेक्षा बारीक होता. "मी पाच वर्षं खेळतोय," तो म्हणाला. "माझ्या चष्म्याचा नंबर तुमच्यापेक्षा जास्त असेल. मी लेन्स लावतो."

जात उरलेली नाही या भाषणाचं माझं बक्षीस तेव्हाही घरी शोकेसमध्ये होतं. त्यात मी जन्म आड येत नाही असं म्हटलं होतं. मला मागे राहायचं निमित्त लागलं तेव्हा मी पहिल्यांदा जन्मालाच हाक मारली.

मग मित्राचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, खेळणं संपलं, तो बंदरात नोकरीला लागला. मला वाईट वाटलं का? वाटलं. त्याच्या आधी, बातमी कळल्याच्या पहिल्या क्षणाला, काय वाटलं ते मी इथे लिहितो कारण दुसरं कुठे बोलता येत नाही: मला हलकं वाटलं. आता आम्ही दोघंही बाहेर, असं वाटलं.

तसं झालं नाही. वर्षभरात त्याने गावातल्या शाळेमागच्या कबड्डीच्या मैदानावर पोरांना रग्बी शिकवायला सुरुवात केली. मुलं, मुली, वीस-पंचवीस जण. दर रविवारी मला फोन. "मास्तर, ये की. नियम सांगायला कोन नाय. मी पायानं सांगतो, तोंडानं जमत नाय." मी कारणं देत राहिलो. मुलीचा क्लास, बायकोची तब्येत, गाडीचं काम. शेवटी त्याने पनवेलच्या एका शाळेच्या संघाशी सामना ठरवला आणि पंच म्हणून माझं नाव सांगून मोकळा झाला. नकार देणं वाईट दिसलं असतं. मी गेलो.

अर्धं गाव बांधावर बसलं होतं. त्याची आई खुर्ची घेऊन पुढे. पोरं मला मास्तर म्हणून वाकून नमस्कार करत होती. मित्राने शिट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "तू फक्त बग, कसली खेळतात." तो गंमत दाखवायची असल्यासारखा हसत होता.

थोड्या वेळाने जासईची एक मुलगी, तेरा-चौदाची असेल, चेंडू घेऊन सुटली. पनवेलच्या मुलांना चुकवून रेषेपार गेली आणि तिने चेंडू टेकवला. बरोबर ट्राय. मी शिट्टी वाजवणार तोच तिने तो चेंडू पुन्हा उचलला आणि ती उलटी परत धावत सुटली. सगळा बांध उभा राहिला. "ये! ये! परत ये!" बायका ओरडत होत्या, म्हातारे काठ्या आपटत होते. पनवेलची पोरं गोंधळून तिच्या मागे लागली. ती एकाला हुलकावणी देत, दुसऱ्याच्या हाताखालून वाकून मधल्या रेषेवर आली आणि तिथे तिने चेंडू ठेवला. दोन्ही हात वर.

"परतीचे दोन गुण!" जासईची पोरं नाचत होती.

त्याने आपली चूक पोरांना नियम म्हणून शिकवली होती. आणि तो नियम सुंदर होता. मी इतकी वर्षं रग्बी बघत आलो, पण त्या मुलीचं ते परत येणं मी पाहिलेल्या कितीतरी ट्रायपेक्षा जास्त अंगावर काटा आणणारं होतं. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. न कळून मी काही केलेलं नाही. माझ्या पाठ केलेल्या शेकडो नियमांतला एकही कोणाच्या आयुष्यात उतरला नव्हता, आणि त्याची एक चूक अख्खं गाव खेळत होतं.

मी शिट्टी वाजवली. "ट्रायचे गुण. पुढचे नाहीत."

"मास्तर, मी परत आले!" मुलगी धापा टाकत म्हणाली.

"परत येण्याचे गुण नसतात."

"पन दादाचा नियम हाय तो," एक मुलगा म्हणाला.

"जगात कुठेही हा नियम नाही," मी म्हणालो. माझा आवाज मोठा होता. बांधापर्यंत गेला.

सगळे माझ्या मित्राकडे बघू लागले. तो सीमेवर गुडघ्याला पट्टा बांधून उभा होता. मला वाटलं तो भांडेल. भांडावं असं वाटत होतं. तो म्हणाला, "मास्तर बोलतात ते बरोबर. मला पन त्यांनीच शिकवलाय. खेळा."

जासई एका गुणाने हरली. पनवेलच्या शाळेचे शिक्षक मला म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून बरं, नाहीतर घोळ झाला असता."

नंतर आम्ही दोघं शाळेच्या पायरीवर चहा पीत बसलो. मी कारण देत होतो, बाहेरच्या संघाशी खेळताना एकच नियम हवा, उद्या पोरं मोठ्या स्पर्धेत गेली तर, वगैरे. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "खरा हाय तुजा. मी ठेवला होता तो नियम, कारन त्या दिवशी कलकत्त्याला तू लई हसलास. तसा तू कधीच हसत नाय. मी बोललो, मास्तर कधीतरी येल पोरांचा खेळ बगायला, तर त्याला परत तसा हसवू."

मी कप खाली ठेवला. त्याला खरं सांगावं असं वाटलं. की ते हसू तसलं नव्हतं. शब्द तोंडाशी आले होते. मग मला दिसलं की ते सांगून मी फक्त माझं ओझं त्याच्याकडे देईन, आणि त्याच्याकडे ठेवायला तेवढी एक चांगली आठवणसुद्धा उरणार नाही. मी म्हणालो, "चहा चांगला आहे."

पुढच्या रविवारी मी न बोलावता गेलो. पोरांना गोल बसवलं आणि म्हणालो, "गावात खेळताना तो परतीचा नियम ठेवा. माझी काही हरकत नाही. मी त्या दिवशी चुकलो."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. तीच मुलगी म्हणाली, "नाय मास्तर. तो चुकीचा हाय. जगात कुठंच नाय तो."

"पण मी सांगतोय ना?"

"तुमीच सांगितला होता," ती म्हणाली, आणि समजूत घातल्यासारखी पुढे म्हणाली, "आता आमाला बरोबर येतंय."

मित्र माझ्या पाठीमागे हसला. "बग, तुजी पोरं तयार झाली."

तेव्हापासून मी दर रविवारी जातो. नियम सांगतो, शिट्टी वाजवतो. हेवा गेला असं मी म्हणणार नाही. त्याच्याभोवती पोरं गोळा होतात तेव्हा तो अजून वर येतो. पण मी जातो. पोरं आता खरोखर चांगली खेळतात, बाहेरगावी जातात, जिंकतातही. कोणी रेषेपार गेलं की बांधावरचे लोक सवयीने अर्धे उठतात आणि मग खाली बसतात. माझा मित्र मधल्या रेषेकडे बघतो. पोरं चेंडू टेकवतात, आणि चालत परत येतात.